पावडर मारूनही कोंबड्यांना माइट परत परत होतात? आधी ते दिवसा कुठे लपतात ते शोधा

माइट म्हणजे कोंबड्यांना छळणारे अगदी बारीक किडे, आणि त्यांची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच क्रमाने येते. कोंबड्या सारख्या अंगाला चोच मारत राहतात, तुरा फिका पडतो, अंडी घटतात. मग कुणीतरी डायटोमेशियस अर्थची, म्हणजे डीई पावडरची, पिशवी मागवतं आणि एकेक कोंबडी धरून तिला पावडर चोळतं. आठ-दहा दिवस बरे जातात. नंतर एका सकाळी अंडी काढायला खुराड्यात हात घातला की मनगटावर पुन्हा बारीक काहीतरी चढतं, खाज सुटते, आणि घरात ठरतं की पावडर नकली होती.

पावडर नकली असण्याची शक्यता फार कमी. ती चुकीच्या जागी पडलेली असते, नाहीतर हवेत ओल असते, नाहीतर किडाच वेगळा असतो. ही तीन कारणं तपासल्याशिवाय दुसरी पिशवी विकत घेऊ नका, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

मी हे लिहिताना कोकणातल्या परसातलं कुक्कुटपालन डोळ्यांसमोर ठेवलंय: दहा ते पन्नास कोंबड्या, लाकडी किंवा बांबूचं खुराडं, खाली भाताचं तूस, आणि जूनपासून चार महिने सगळीकडे ओल. देशावरच्या कोरड्या हवेत काही गोष्टी सोप्या होतात, त्या ओघात येतीलच.

किडा कोणता आहे ते रात्री बघा

दुकानात जाऊन नुसतं "पिसवा झाल्यात" म्हटलं की समोरचा हाताला येईल ती पुडी देतो. उवा, पिसवा, गोचीड आणि माइट यांचं राहणं वेगळं आहे, आणि माइटमध्येही निदान दोन तऱ्हा आहेत. उपाय त्यावर ठरतो.

पहिली तऱ्हा लाल माइटची. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. पूर्ण वाढलेला माइट पाऊण ते एक मिलिमीटर असतो. उपाशी असताना राखाडी, रक्त पिऊन टम्म झाला की लाल. हा कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दिवसभर खुराड्याच्या फटीत, बसायच्या दांड्याच्या टोकाशी, खिळ्यांच्या भोकांत दडून असतो आणि रात्री कोंबड्या झोपल्या की चढतो, तासभर रक्त पितो आणि परत फटीत जातो. म्हणून दिवसा कोंबडी हातात घेऊन पिसं फिसकटली तरी काही दिसत नाही. अंधार पडून दोन-तीन तास झाले की बॅटरी घेऊन जा आणि दांड्याच्या खालच्या बाजूवर, तो भिंतीला टेकतो तिथे उजेड टाका. पांढरं फडकं दांड्याखालून ओढून बघा. फडक्यावर लाल-तपकिरी ओरखडे उठले तर दुसरी परीक्षा नको. दिवसा बघायचं असेल तर फटींच्या तोंडाशी मीठ-मिरपूड सांडल्यासारखी करडी भुकटी शोधा. ती त्यांची कात, अंड्यांची टरफलं आणि विष्ठा असते.

आणखी एक खूण मला फार भरवशाची वाटते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुर करतात, आंब्याच्या फांदीवर किंवा पडवीच्या वाशावर जाऊन बसतात. हा हट्ट नसतो. आत रात्र कशी जाते ते त्यांना ठाऊक असतं.

दुसरी तऱ्हा अंगावरच राहणाऱ्या माइटची, ऑर्निथोनिसस जातीची. यातला एक प्रकार थंड मुलखात जास्त आढळतो, दुसरा आपल्यासारख्या उष्ण मुलखात. हे शेपटीखाली गुदद्वाराभोवती दाटी करतात, तिथली पिसं काळपट, मळकट, चिकट दिसतात. दिवसाढवळ्या पिसं बाजूला केली की भराभर पळणारे ठिपके दिसतात. उवाही याच भागात असतात, पण त्या पेंढ्याच्या रंगाच्या, लांबट आणि मोठ्या असतात, आणि पिसांच्या मुळाशी त्यांच्या लिखांचे पांढरे झुबके चिकटलेले असतात.

पायांचे खवले उचलले गेलेत, पाय जाड आणि खडबडीत झालेत, असं असेल तर तो खवल्यांच्या आत शिरणारा वेगळाच माइट आहे. कुठलीही पावडर तिथवर पोचत नाही. पाय कोमट पाण्याने मऊ करून व्हॅसलिन किंवा खोबरेल जाडसर लावायचं, काही आठवडे लावत राहायचं. हा विषय इथेच सोडते.

पावडर मारते कशी

डीई म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची भुकटी. तिच्यात मुख्यतः सिलिका असते. ती काचेसारखी कापते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. थोडं ओरखडणं होतही असेल, पण खरं काम शोषण्याचं आहे. माइटच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो अंगातलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. ही भुकटी तो मेणथर शोषून घेते आणि माइट सुकून मरतो. हे विष नाही, म्हणून माइटमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होण्याची भीती कमी. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना लाल माइट अनेक देशांत दाद देत नाहीसे झालेत, ती अडचण इथे येत नाही.

पण शोषून मारायचं म्हटलं की तीन अटी आल्या. माइट त्या भुकटीवरून चालला पाहिजे. भुकटी कोरडी राहिली पाहिजे. आणि वेळ दिला पाहिजे, कारण मृत्यू तासाभरात होत नाही, एक-दोन दिवसही लागतात. अंड्यांवर तर काहीच परिणाम होत नाही. पंचवीस-तीस अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणजे आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने त्याला अनुकूलच. एकदा मारून थांबलात तर आठवड्याने नवी पिढी तयार असते, आणि "परत आले" म्हणून जे दिसतं ते बहुधा तेच असतं. ते गेलेलेच नसतात.

पावडर कोंबडीला की खुराड्याला?

लाल माइट असेल तर खुराड्याला. कोंबडीला चोळलेली पावडर ती दोन दिवसांत झटकून टाकते, आणि माइट तिच्या अंगावर असतो तो रात्रीचा थोडा वेळ.

आधी खुराडं रिकामं करा. तूस, गोणपाट, घरट्यातलं गवत बाहेर काढून जाळा. परसात टाकू नका. दांडे सुटे होत असतील तर सोडवा. बांबू असेल तर त्याची उघडी टोकं आणि चिरलेले पेर नीट बघा. पोकळ बांबू ही लाल माइटची आवडती जागा आहे आणि बाहेरून कितीही पावडर मारली तरी ती आत जात नाही. टोकं चुन्याच्या गिलाव्याने किंवा सिमेंटने बुजवून टाका. मला विचाराल तर बसायच्या दांड्यासाठी बांबू नकोच, गुळगुळीत रंधलेलं लाकूड घ्या.

मग फटींवर उकळतं पाणी ओता. लाल माइट ४५ अंशांच्या वर टिकत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी सुटे दांडे आणि फळ्या तापलेल्या पत्र्यावर टाकून ठेवल्या तरी मोठं काम होतं. त्यानंतर सगळं खडखडीत वाळू द्या. ओल्या लाकडावर मारलेली पावडर वायाच जाते.

आता पावडर. ती पीठ चाळल्यावर ओट्यावर राहतो तेवढ्या पातळ थरात हवी. ढीग केला तर माइट त्याला वळसा घालून जातात. काही भुकट्या त्यांना दूर लोटतात असं प्रयोगांतही दिसलंय. रिकामी सॉसची मऊ बाटली चांगली उपयोगी पडते: टोक फटीत घालून दाबा, भुकटी धुरासारखी आत जाईल. दांड्याची दोन्ही टोकं, बिजागऱ्या, घरट्याच्या खोक्याची मागची बाजू, छपराच्या कडा. जमिनीवरच्या तुसात ओंजळी भरभरून टाकण्याचा लाल माइटवर फारसा उपयोग नाही, कोंबड्यांच्या नाकात मात्र धूळ जाते.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. डीई पाण्यात कालवून ब्रशने मारता येईल इतपत पातळ करायची आणि उभ्या फळ्यांवर, दांड्याच्या खालच्या अंगाला लावायची. पाणी उडालं की पांढरा थर चिकटून राहतो, हवेत धूळ उडत नाही. युरोपातल्या मोठ्या फार्मवर सिलिकाचे असे द्रव फवारे याच तत्त्वावर मारले जातात.

पहिल्या लेपानंतर आठवड्याने पुन्हा, आणखी आठवड्याने पुन्हा. मधल्या रात्री बॅटरीने बघत राहा. नालीदार खोक्याचा पुठ्ठा गुंडाळून दांड्याखाली बांधून ठेवला तर माइट त्यात दडायला जातात. दोन दिवसांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून बघितला की कमी होतायत की वाढतायत ते कळतं. मग तो पुठ्ठा जाळून टाका.

एक गोष्ट आवर्जून टाळा. बरेच जण त्याच दिवशी दांड्यांना कडुनिंबाचं तेल किंवा जळकं ऑइल लावतात आणि वर पावडर मारतात. भुकटी ते तेलच पिऊन बसते, मग माइटचं मेण शोषायला तिच्यात जागा उरत नाही. तेल लावायचं तर तेलच लावा.

पावसाळ्यात का चालत नाही

कोकणातल्या परत परत येणाऱ्या माइटचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण आहे. डेन्मार्कमध्ये किल्पिनेन आणि स्टीनबर्ग या संशोधकांनी २००९ मध्ये लाल माइटवर अशा भुकट्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर नेली की भुकट्यांचा परिणाम घटतो असं त्यांना आढळलं. जुलैमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात आर्द्रता त्याच्या आसपास किंवा वरच असते. भुकटी हवेतली ओल पिते, आणि ओल्या हवेत माइटच्या अंगातलं पाणीही सहज जात नाही. दोन्ही बाजूंनी तोटा.

म्हणून खुराड्याची मोठी सफाई आणि पावडरीचा पहिला हात मे महिन्यातच उरकून घ्या. तेव्हा माइट कमी दिसत असले तरी. पाऊस सुरू झाल्यावर भर फटी बुजवण्यावर, उकळत्या पाण्यावर आणि खुराडं गळणार नाही यावर द्या. उघडीप मिळेल त्या दोन-तीन दिवसांत पुन्हा लेप द्या. सोलापूर-नगरकडे हीच पावडर वर्षातले आठ महिने छान चालते, त्यामुळे तिकडच्या कुणाचा अनुभव ऐकून इकडे पावडरीला दोष देऊ नका.

अंगावर राहणारा माइट असेल तर

इथे खुराडं धुऊन भागत नाही, भुकटी कोंबडीच्या पिसांत गेली पाहिजे. ती नेण्याचं काम कोंबडी स्वतः आपल्यापेक्षा चांगलं करते, तिला धुळीत लोळू दिलं तर.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातल्या मार्टिन आणि मलेन्स यांचा २०१२ चा अभ्यास या बाबतीत फार कामाचा आहे. त्यांनी पिंजऱ्याबाहेर ठेवलेल्या कोंबड्यांना डीई, केओलिन माती आणि गंधक अशा वेगवेगळ्या भुकट्यांच्या धूळपेट्या दिल्या. ज्या कोंबड्या पेटीत लोळल्या त्यांच्या अंगावरचे किडे आठवड्यात ८० ते १०० टक्के घटले. पण पेटीत न शिरलेल्या कोंबड्यांवरचे किडे डीई आणि केओलिनने घटले नाहीत, आणि पेट्या काढल्या तशी लोळलेल्या कोंबड्यांवरची संख्याही परत वाढली. गंधकाच्या पेटीने मात्र दोन ते चार आठवड्यांत सगळ्याच कोंबड्यांवरचे माइट संपवले. ज्या पेटीत शिरल्याच नव्हत्या त्यांच्यावरचेसुद्धा. पेटी काढल्यावरही परिणाम टिकून राहिला.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. डीईची धूळपेटी ठेवायची तर कायमची ठेवा. पडवीत पाऊस न लागणाऱ्या कोपऱ्यात जुनं टायर किंवा लाकडी खोकं, त्यात कोरडी वाळू आणि बारीक माती, घमेलंभराला दोन-तीन मुठी डीई. ओलं झालं की बदला. पावसाळ्यात बाहेरची सगळी माती चिखल होते, कोंबड्यांना लोळायला कोरडी जागाच उरत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत किडे वाढतात.

गंधकाची भुकटी द्राक्षावरच्या भुरीसाठी कृषी सेवा केंद्रात मिळते. पण ती पिकासाठी म्हणून विकली जाते, डोळ्यांना आणि कातडीला झोंबते, आणि पाण्यात मिसळण्याच्या ८० टक्के गंधकात इतर घटकही असतात. त्यामुळे अंड्यावरच्या कोंबड्यांना वापरण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, कोणती आणि किती ते तिथूनच ठरवून घ्या. चुलीजवळ, विस्तवाजवळ ठेवू नका. गंधक पेटलं तर निघणारा वायू कोंबड्यांना आणि माणसांनाही घातक असतो.

चोच कापलेल्या कोंबड्या विकत आणल्या असतील तर त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. अखंड चोचीची कोंबडी पिसं साफ करताना पुष्कळ माइट स्वतःच काढते, कापलेल्या चोचीने ते जमत नाही. पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांना तर लोळायची मुभाच नसते, म्हणून तिथे हे माइट झपाट्याने वाढतात. रिव्हरसाइडलाच पुढे गंधकाच्या टांगत्या पिशव्यांचे प्रयोग झाले, कोंबडी घासून गेली की भुकटी अंगावर पडते.

हाताने लावायची वेळ आलीच तर संध्याकाळी, कोंबडी शांत असताना, शेपटीखाली आणि पंखांच्या आत चिमटीने लावा. डोकं आपल्यापासून दूर धरा. कोंबडीच्या डोळ्या-नाकाला पावडर नको. लहान पिलांना लावू नका.

राख, चुना आणि जुन्या पांढऱ्या पुड्या

चुलीची राख आपल्या आज्या-पणज्यांनी वापरली आणि कोंबड्या तिच्यात आवडीने लोळतात. चाळलेली, पूर्ण थंड, कोरडी राख धूळपेटीत जरूर घाला. लाकडाचीच हवी. प्लॅस्टिक, रंगवलेल्या फळ्या जाळलेली नको. राख भिजली की तिचं पाणी क्षारयुक्त होतं आणि कोंबडीच्या कातडीला, तळव्यांना जाळतं, म्हणून ती पावसात उघडी ठेवू नका.

चुना कोंबडीच्या अंगाला कधीच लावू नका. विरलेला चुना भिंतींना आणि लाकडाला पांढऱ्या सफेदीसारखा मारणं मात्र उत्तम, कारण तो फटी भरून टाकतो. वाळेपर्यंत कोंबड्या बाहेर. कळीचा चुना खुराड्यात नकोच.

आता एक काळजीची गोष्ट. गावात अजूनही कुठल्याही पांढऱ्या पावडरीला गॅमेक्सिन म्हणतात, आणि गटारावर मारायला आलेली पुडी कुणीतरी खुराड्यात शिंपडतं. गॅमेक्सिनवर, म्हणजे बीएचसी या कीटकनाशकावर, आपल्याकडे १९९७ मध्ये बंदी आली. कोंबड्यांच्या उवांवर वर्षानुवर्षं वापरलेल्या कार्बारिल या कीटकनाशकावर ऑगस्ट २०१८ मध्ये. माळ्यावर जुना डबा सापडला तर तो वापरू नका. कुत्र्यांसाठी मिळणारा फिप्रोनिल या कीटकनाशकाचा स्प्रेही नको. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइटसाठी वापरलेल्या एका तथाकथित वनस्पतिजन्य औषधात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं, अंड्यांत त्याचा अंश सापडला आणि युरोपभरच्या दुकानांतून लाखो अंडी काढून घ्यावी लागली. आपली अंडी आपलीच मुलं खातात. खनिज पावडरीचा सगळा खटाटोप करायचा तो एवढ्याचसाठी.

डीई घेताना खाद्य दर्जाची आहे का ते बघा. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी भाजलेली डीई मिळते, तिच्यात स्फटिकी सिलिका पुष्कळ असते आणि ती फुप्फुसांत कायमची बसते. खाद्य दर्जाची मारतानाही नाका-तोंडाला चांगला मास्क लावा, आणि कोंबड्या बाहेर असतानाच मारा. खाद्यात डीई कालवून अंगावरचे माइट जातील ही समजूत सोडून द्या. पोटात गेलेली, भिजलेली भुकटी बाहेरच्या माइटला काही करत नाही.

सगळं केलं, तरी आले?

मग ते बाहेरून येतायत. छपराच्या वाशात चिमण्यांची किंवा कबुतरांची घरटी आहेत का बघा, पिलं उडून गेल्यावर रिकामी घरटी काढून टाका. दुकानातून परत येणारे अंड्यांचे कागदी ट्रे थेट खुराड्याजवळ नेऊ नका. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि ज्या डालग्यातून ती आणली ते डालगं उन्हात टाका. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून भागेल असंही समजू नका. थंड, ओलसर फटीत लाल माइट काही न खाता कित्येक महिने जगू शकतो.

माणसाला ते चावतात, पुरळ उठतं, पण माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत. खुराडं आवरलं की घरातली खाजही थांबते.

तुरे पांढरट पडलेत, कोंबड्या पेंगतायत, एखाददुसरी मरते आहे, असं दिसलं तर पावडरीत वेळ घालवू नका, पशुवैद्यांना बोलवा. लाल माइटमुळे रक्त तर कमी होतंच, शिवाय कोंबड्यांच्या टायफॉइडचे जंतूही या माइटमध्ये सापडलेत.

आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची असेल तर आधी ती जागा तपासा. ती २१ दिवस रात्रंदिवस एकाच ठिकाणी बसते, तेवढ्यात माइटच्या तीन पिढ्या होतात, आणि ती अंडी सोडून उठत नाही. अशा कोंबड्या बसल्या जागी रक्त कमी होऊन मरतात. जुनं डालगं आणि जुना पेंढा वापरू नका. गुळगुळीत खोकं घ्या, तळाला डीईचा पातळ हात, वर नवा वाळलेला पेंढा, आणि दर चार-पाच दिवसांनी रात्री बॅटरी. माइट दिसले तर अंड्यांसकट तिला स्वच्छ खोक्यात हलवा. अंधारात हलवली तर बहुतेक कोंबड्या पुन्हा बसतात.